मेरेकेची तिसरी मागणी

मेरेके हा माझ्या नवऱ्याच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, आणि आमच्यात भाच्याच्या तीन मागण्या मामाने नाकारायच्या नसतात. मागेल ते द्यायचं, तेही हसऱ्या तोंडाने. कुरकुरत दिलं तर ते लाभत नाही, घेणाऱ्यालाही नाही आणि देणाऱ्यालाही नाही. पहिली मागणी मेरेकेने सहाव्या वर्षी केली, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं शिंगरू. दुसरी एकोणिसाव्या वर्षी केली, मामाची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, तीही ऐन डिसेंबरात. त्या हिवाळ्यात आमचा म्हातारा डोक्याला माझी शाल गुंडाळून कामाला जायचा आणि आमच्या ताराझ गावाच्या बसमध्ये लोक त्याला उठून जागा द्यायचे. तिसरी मागणी मात्र शिल्लक राहिली, ती थेट चोवीस वर्षं.

चोवीस वर्षं म्हातारा धास्तीत होता, कारण आमच्या घरात मागण्यासारखी वस्तू एकच आहे. म्हातारा तिला सिंथेसायझर म्हणतो, मी पेटी म्हणते. सत्तावीस वर्षं त्याने लग्नांत ती वाजवली. गावातल्या निम्म्या जोडप्यांची लग्नं त्या पेटीने लावली आहेत, आणि ज्यांची मोडली त्यांचा दोष पेटीकडे नाही असं तो शपथेवर सांगतो. आता लग्नांत लॅपटॉप घेऊन एकच पोरगा येतो आणि बटण दाबतो. म्हाताऱ्याला पाच वर्षांत कोणी बोलावलं नाही. तरी दर शुक्रवारी तो पेटी पुसतो, आणि मी स्वयंपाकघरात आहे असं पाहून वीज न लावताच तिच्यावर बोटं फिरवतो. नुसत्या पट्ट्यांची खटखट ऐकू येते. मी भांडी जरा जोरात वाजवते, म्हणजे आपलं कोणी ऐकत नाही असं त्याला वाटावं.

आता मेरेकेविषयी. तो लिफ्ट दुरुस्त करतो. हात सोन्याचा, स्वभाव लोण्याचा, पण ठरवणं नावाची गोष्ट देवाने त्याच्यात घातलीच नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला कोणता कागद लावायचा हे ठरेपर्यंत त्याने तात्पुरती वर्तमानपत्रं चिकटवली. त्याची लेक तोरगिन त्या भिंतीवर अक्षरं शिकली आणि शाळेत गेली. बूट घ्यायला निघाला की दुकानदार चहा मागवतो, स्वतःसाठी. लग्नाचंही त्याच्या बायकोने, दिल्दानेच ठरवलं. ती म्हणते, "हा अजून विचार करत होता, मी त्याच्या वतीने हो म्हणून टाकलं."

तर असा हा माणूस. मागच्या वर्षी तोरगिनच्या होणाऱ्या सासूने अक्तोबेहून येऊन तिच्या कानात डूल घातले, सोयरीक पक्की झाली, आणि घोड्याच्या मांसाच्या कझीचं ताट फिरत असताना मेरेके सगळ्या व्याह्यांसमोर उठून उभा राहिला. म्हणाला, "माझ्या मुलीच्या पाठवणीला मी स्वतः केलेलं संगीत वाजेल. इलेक्ट्रॉनिक. घरी बसून करणार."

व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. कान त्याचे लहानपणापासून त्या ढमढमाटाचेच होते हे खरं. लिफ्टच्या विहिरीत काम करतानाही त्याच्या कानांत तेच चालू. पण त्याने आयुष्यात एक पट्टी दाबलेली नव्हती. आणि अक्तोबे काही शेजारी नाही. पोर एकदा गेली की वर्षाकाठी एकदा दिसायची. बापाने शब्द दिला होता आणि पोरीने तो मनात धरला होता. मैत्रिणींना सांगत सुटली होती, "माझे बाबा माझं गाणं करणार आहेत."

पाठवणी पुढच्या ऑक्टोबरात. चौदा महिने हातात. म्हणजे कोणालाही पुरे, मेरेके सोडून.

त्याने चौकटींची वही घेतली. नवशिक्याने काय घ्यावं, या एका प्रश्नाला तिची पानंच्या पानं वाहिली. लहान कीबोर्ड घ्यावा की मोठा? हेडफोन घ्यावेत की स्पीकर? लॅपटॉपवर सॉफ्टवेअर घालून काम करावं, की लॅपटॉप लागणारच नाही असं स्वतंत्र यंत्र घ्यावं? प्रत्येक पानावर मधे रेघ, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे, आणि दोन्हीकडे बरोबर सारख्या ओळी. कमी पडली तर तो एखादी शोधून काढी. इंटरनेटवर रोज कोणीतरी सांगे की हे घेऊ नका, ते घ्या. दुसऱ्या दिवशी दुसरा सांगे की ते घेणारे मूर्ख.

आम्ही त्याच्या घराच्या अगदी खाली, तिसऱ्या मजल्यावर राहतो. संध्याकाळी तो वही काखेत मारून चहाला यायचा. जिन्यावर त्याची पावलं वाजली की म्हातारा उठायचा आणि कोपऱ्यातल्या रजयांची अख्खी चवड उचलून पेटीवर ठेवायचा. सत्तरीचा माणूस, कंबर धरून चालतो, पण त्या वेळी पैलवान व्हायचा.

"मामी," मेरेके तळलेल्या पिठाचा बाउरसाक चहात बुडवत विचारायचा, "पंचवीस पट्ट्यांचा घेऊ की एकोणपन्नासचा?"

"माझ्या तोंडात एकोणीस दात उरलेत," मी म्हणाले. "माझं त्यावर भागतं."

हे त्याने वहीत लिहून घेतलं. खोटं नाही सांगत, डाव्या बाजूला लिहिलं.

"मामा, तुम्ही वाजवायचात तेव्हा कसं निवडलंत?"

"आमच्या वेळी दुकानात होतं ते घ्यायचं," म्हातारा रजयांकडे पाठ करून म्हणाला. "आणि ते संगीत होतं. तुमचं ते ढमढम ढमढम. विजेवर चालणारं कसलं आलंय संगीत?"

"अहो," मी म्हणाले, "मग तुमची पेटी काय शेणीवर चालते?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी साखर आणायच्या निमित्ताने उठले. रजयांखाली काय आहे ते मेरेकेलाही ठाऊक होतं, अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. पण तो बिचारा तिकडे पाहायचाही नाही.

जानेवारीत त्याने पहिली खरेदी केली. तोरगिन धावत खाली आली, "आजी, चला, बाबांनी घेतलं!" आम्ही दोघं वर गेलो. दिवाणखान्याच्या मधोमध एक स्टँड उभा होता. कीबोर्ड ठेवायचा लोखंडी स्टँड. त्यावर काही नव्हतं.

"नुसता स्टँड?" म्हाताऱ्याने विचारलं.

"दुकानात एकाच प्रकारचा होता," मेरेके म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका समाधानी होता की कोणाला हसवेना. पुढे आठ महिने दिल्दा त्यावर टॉवेल वाळत घालत होती. ती म्हणायची, "काही म्हणा, या घरातलं हे पहिलं वाद्य जे उपयोगी पडलं."

उन्हाळा आला. तोरगिनचे कपडे शिवून झाले, रजया भरून झाल्या, पत्रिका गेल्या. वहीची पानं संपून दुसरी वही लागली. पोरगी वडलांना विचारायची बंद झाली. मला ते आवडलं नाही. हट्ट करणारं पोर विचारायचं थांबतं तेव्हा त्याने मनातल्या मनात माफ केलेलं असतं, आणि बापाला त्याहून मोठी शिक्षा नाही. मेरेकेलाही ते कळत होतं. तो वाळला. दुरुस्त केलेल्या लिफ्टमधून उतरायचं विसरून वरखाली होत राहतो असं त्याच्या कामावरचे लोक सांगू लागले.

ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी, संध्याकाळी, जिन्यावर पावलं वाजली. म्हाताऱ्याने रजया टाकल्या. दार उघडलं तर मेरेके इस्त्रीचा सदरा घालून उभा, एका काखेत खरबूज, दुसऱ्या काखेत दोन्ही वह्या. माणूस मामाकडे चहाला इस्त्रीचा सदरा घालून येत नाही.

तो बसला नाही. म्हणाला, "मामा, माझी एक मागणी शिल्लक आहे ना?"

"माझं ब्लडप्रेशर आज जरा..." म्हातारा म्हणाला.

"मामा, मी आज मागतो."

म्हाताऱ्याने एकदा रजयांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तरी काय करणार? नाही म्हणता येत नाही. तो ताठ बसला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "माग, भाच्या. जे मागशील ते दिलं."

मेरेकेने वह्या त्याच्यासमोर ठेवल्या. "मला ठरवता येत नाही. पाठवणीला पाच आठवडे राहिलेत. काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा. हीच माझी तिसरी मागणी."

म्हातारा हसायला लागला. असा हसला की त्याला डोळे पुसावे लागले. चोवीस वर्षं छातीवर बसलेला दगड उतरला होता. "एवढंच? अरे गाढवा, एवढ्यासाठी मागणी उडवलीस? घोडा मागायचास! म्हातारे, खरबूज काप. चष्मा आण माझा."

मी खरबूज कापलं. त्याने चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. आधी हसत हसत वाचत होता, मग नुसतंच वाचायला लागला. शेवटी काय झालं तरी सत्तावीस वर्षं वाजवलेला माणूस.

"तुला नोटेशन येतं?"

"नाही."

"हे सॉफ्टवेअर कधी उघडून पाहिलंस?"

"कोणतं घ्यायचं ते ठरलं नव्हतं, मामा."

"लॅपटॉप कसला आहे?"

"जुना आहे. उघडायला वेळ लागतो. नवा घ्यायचा का, त्याचं पान पुढे आहे."

म्हातारा पुढच्या पानावर गेला नाही. त्याने वही मिटली. हसू गेलं होतं. त्याच्या तोंडाकडे पाहताना मला कळलं की तो कुठे पोचला. नवा लहान कीबोर्ड मागवायचा तर त्याला लॅपटॉप हवा, लॅपटॉपला सॉफ्टवेअर हवं, मधे आवाज आत घेणारा एक डबा हवा, आणि हे सगळं शिकायला वर्ष हवं. पाच आठवड्यांत ज्याला एक गाणं करायचंय आणि ज्याला काहीच येत नाही, त्याला अशी वस्तू हवी की प्लग लावला, बटण दाबलं, पट्टीवर बोट ठेवलं की आवाज यावा. ठेका तिच्यातच असावा, सूर तिच्यातच असावेत. अशी वस्तू त्या खोलीत होती.

मला वाटलं, आता हा खोटं बोलेल. पंचवीस पट्ट्यांचा घे म्हणेल आणि सुटेल. मी त्याच्या जागी असते तर बोलले असते, आणि तेव्हा मला अगदी मनापासून वाटत होतं की त्याने बोलावं.

म्हाताऱ्याने चष्मा काढला. "म्हातारे," तो म्हणाला, "त्या रजया उचल."

मी जागची हलले नाही. मग तो स्वतः उठला आणि एकेक रजई उचलून बाजूला ठेवू लागला. मेरेके पांढराफटक पडला.

"मामा, नाही! मी हे नाही मागितलं! देवाशप्पथ, मी याच्याकडे कधी बघितलंसुद्धा नाही!"

"मला ठाऊक आहे. तू ठरवायला सांगितलंस. मी ठरवलं."

"मग दुसरं काहीतरी ठरवा!"

"मागणी एकच होती. आणि हसऱ्या तोंडाने द्यायचं असतं, तेव्हा तू रडून माझं काम अवघड करू नकोस. धर त्या बाजूने. वायर तुडवू नकोस. अरे हळू, लिफ्टचा दरवाजा आहे का तो!"

एक मजला वर न्यायला त्यांना पाव तास लागला. दिल्दाने स्टँडवरचा टॉवेल काढला, पेटी तिथे ठेवली गेली, मागोमाग म्हाताऱ्याचा मोठा स्पीकरही आला. सगळं जोडून झालं. मेरेके स्टुलावर बसला, पेटीचा छोटा पडदा उजळला आणि तो मान वर करून म्हणाला, "मामा, यात सहाशे आवाज आहेत. कोणता घेऊ?"

म्हाताऱ्याने तोंड उघडलं. मी पाहिलं, उत्तर जिभेवर आलं होतं. मग तोंड मिटलं. "तुझ्या तिन्ही मागण्या संपल्या," तो म्हणाला, आणि कठडा धरून खाली आला.

पुढचे दोन दिवस मी मेरेकेवर रागावले होते. जिन्यात भेटला तर बोलले नाही. घरी कोपरा रिकामा दिसत होता आणि म्हातारा शुक्रवारी फडकं हातात घेऊन उभा राहिला, मग त्याने खिडकीची काच पुसली. ते बघून मला रडू आलं. सांगायला लाजायचं कशाला, आलं.

वरून तीन दिवस काही ऐकू आलं नाही. म्हातारा पलंगावर पडून छताकडे बघायचा. चौथ्या दिवशी दुपारी एक सूर आला. तोच सूर पुन्हा आला. तासभर तो एकच सूर येत राहिला.

"निवडला," म्हातारा उठून बसत म्हणाला.

"कसा आहे?"

"सहाशेतला सगळ्यांत भिकार," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात गेल्या चार दिवसांत नव्हती ती तरतरी होती.

मग हळूहळू सुरांना सूर जोडले गेले. खाली एक संथ ठेका आला, लिफ्ट मजल्यावर थांबताना येतो तसा दबका. वर नऊ-दहा सुरांची चाल. कठीण काही नव्हतं, पण ऐकत राहावंसं वाटायचं. फक्त मधे एका जागी मेरेकेचं बोट हटकून शेजारच्या पट्टीवर पडायचं. म्हाताऱ्याला ते सहन होईना. ती जागा आली की तो झाडूच्या दांड्याने छत ठोकायचा. वरून थोडा वेळ शांतता, पुन्हा सुरुवात, पुन्हा तीच चूक, पुन्हा दांडा. महिनाभर आमच्या इमारतीत याशिवाय दुसरी करमणूक नव्हती. शेवटी मेरेके खाली आला आणि दारातूनच म्हणाला, "मामा, ती चूक मी ठेवणार आहे. तोरगिनला ती आवडते. ती म्हणते, तिथे बाबा कळतात." म्हातारा दिवसभर पुटपुटत होता. "चूक ठेवणार म्हणे! माझ्या पेटीवर!"

पाठवणीचा शनिवार उजाडला. अंगणात गाडी सजवून उभी होती, अक्तोबेचे लोक चहा पिऊन तयार होते. ठरलेलं असं की तोरगिन दारातून उजवं पाऊल टाकून निघेल, गाडीपर्यंत चालत जाईल, आणि चौथ्या मजल्याच्या खिडकीत ठेवलेल्या स्पीकरमधून बापाचं गाणं वाजेल. निघालेल्या मुलीने मागे वळून बघायचं नसतं, म्हणून निदान कानाने घर सोबत न्यावं.

पण गाणं रेकॉर्ड झालेलंच नव्हतं. पेटीतली रेकॉर्ड करायची सोय कधीच बिघडलेली, फोनवर घेतलं तर डब्यात माशी अडकल्यासारखं येई, आणि लॅपटॉपवर घ्यायला जो मधला डबा लागतो त्याचे सात प्रकार वहीत होते. मेरेकेने ठरवलं होतं, म्हणजे खरं तर ठरवायचं राहून गेलं होतं, की तो स्वतःच वर बसून वाजवेल.

हे दिल्दाच्या ध्यानात आलं ते मुलीच्या डोक्यावर ओढणी सारखी करताना. "म्हणजे?" ती म्हणाली. "तुम्ही वर पेटीशी, आणि पोरगी खाली गाडीत? तिला घट्ट धरून निरोप कोण देणार, मी एकटी?"

मेरेके नव्या कोटात स्टुलाशी उभा होता. "चालेल बाबा," असं तोरगिन म्हणणार हे मला दिसत होतं, आणि म्हणाली असती तर ती दुसरी माफी झाली असती. खालून गाडीचा भोंगा वाजला. मेरेकेने सवयीने मामाकडे पाहिलं. म्हातारा आपल्या बुटांकडे बघत राहिला. मी मनात म्हटलं, आता वहीचं पान उघडणार, मधे रेघ, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे.

"मामा, तुम्ही वाजवा," मेरेके म्हणाला. "मी तिच्याबरोबर जातो."

इतकंच. कोणाला विचारलं नाही. मुलीचा हात धरला आणि दोघं जिना उतरायला लागले, आम्ही सगळ्या बायका त्यांच्या मागे.

आम्ही अंगणात आलो तेव्हा ठेका सुरू झाला. मग चाल आली. म्हाताऱ्याने ती कधी वाजवली नव्हती, पण महिनाभर छतातून ऐकली होती. त्याची बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत म्हणून मी वर बघत, जीव मुठीत धरून उभी होते. ती जागा जवळ आली. सत्तावीस वर्षं या माणसाने कोणाला एक सूर चुकू दिला नव्हता. चुकणाऱ्या गवयाला त्याने भर मांडवात थांबवलेलं मी पाहिलं आहे. ती जागा आली आणि त्याने चूक वाजवली. बरोबर मेरेकेची चूक, शेजारची पट्टी, जिथे पडायची तिथेच.

तोरगिनला ती ऐकू आली. तिची पाठ हलली. हसत होती की रडत होती ते तिच्या बापाला माहीत, कारण ती त्याच्या कोटाला घट्ट धरून चालत होती आणि तोही तिला धरून चालत होता. गाडीपाशी दोघं थांबली. मेरेके तिच्या कानात काहीतरी बोलला, बराच वेळ बोलला, आणि कधी नव्हे ते त्याला शब्द शोधावे लागले नाहीत. ती गाडीत बसली. मागे वळली नाही.

गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. वर म्हातारा वाजवतच होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि पुन्हा पहिल्यापासून. आता थांब म्हणून सांगायला आमच्यापैकी कोणी वर गेलं नाही.